अडीच मैल, न थांबता

धावणाऱ्याच्या गाठीला मैल जमतात असं लोकांना वाटतं. साफ खोटं! मैल निसटून जातात, मागे उरतात ते किस्से. फेब्रुवारी ते ऑगस्ट आम्ही तिघं उज्जैनच्या सडकांवर नेमके किती धावलो, हे आज आमच्यापैकी कुणीही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण देवास गेटला बाबूलालजींच्या दुकानातल्या बाकावर बसलो, की एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याचं तोंड उघडलेलं असतं. आणि चमत्कार असा, की प्रत्येक किश्शात फजिती माझीच होते. म्हणून म्हटलं, लोकांनी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा आपणच सांगून टाकावं.

मध्य भारत मोडून मोठा मध्य प्रदेश होणार, कचेऱ्या भोपाळला जाणार, असं जो तो बोलत होता त्या वर्षीची ही गोष्ट. मी नुकताच लंडनहून शिकून आलो होतो आणि इथल्या एका कॉलेजात तात्पुरता लेक्चरर होतो. देश नवा होता, मी त्याहून नवा होतो. लंडनमध्ये माझ्या खोलीच्या खिडकीतून रविवारी सकाळी एक बाग दिसायची. तिथे बँकेतले कारकून, शाळामास्तर, दुकानदार अर्ध्या चड्डीत धावताना दिसायचे. हे पाहून माझ्या मनाने घेतलं, की आपल्या देशालाही अशी फुफ्फुसं पाहिजेत. सामान्य नागरिक धावला पाहिजे!

मी स्वतः तिथे कधी धावलो होतो का? नाही. थंडी फार असायची.

* * *

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला मी अर्धी चड्डी आणि कॅनव्हासचे बूट घालून माधव नगरातून निघालो. शंभर पावलं गेलो नसेन, तोच दूधवाल्याने सायकल थांबवली.

"क्या हुआ भिया? कौन शांत हो गया?"

उज्जैनमध्ये सज्जन माणूस पहाटे धावतो तो दोनच कारणांसाठी: घरात कुणी गेलं असेल किंवा गाडी सुटत असेल, हे मी लंडनमध्ये पार विसरून गेलो होतो. मी हात हलवून "काही नाही, काही नाही" म्हणत पुढे गेलो. दूधवाल्याला वाटलं, दुःखाने बोलवत नाहीये. त्याने सायकल मागे वळवली ती थेट आमच्या घरी, आईला विचारायला.

पुढच्या वळणावर एक टांगेवाला माझ्या बरोबरीने चालू लागला.

"साब, गाडी छूट रही है? बैठो, दो मिनट में टेसन।"

"नहीं भाई, मैं दौड़ रहा हूँ।"

"वो तो दिख रहा है। पर क्यों?"

मी धावता धावता त्याला राष्ट्रउभारणी समजावून सांगू लागलो. फर्लांगभर तो शांतपणे ऐकत राहिला. घोडाही ऐकत होता, आणि त्याला जराही दम लागला नव्हता. मला मात्र 'नागरिकांचं आरोग्य' इथपर्यंत पोचता पोचता तारे दिसायला लागले. टांगेवाल्याने टांगा थांबवला आणि बसायची जागा हाताने पुसली.

मी प्रगतीची वही ठेवायचं ठरवलं होतं. तिच्यातली पहिली नोंद अशी: "आज अर्धा मैल धावत. एक मैल टांग्यात."

घरी पोचलो तर ओसरीत शेजारचे चौघंजण डोक्याला पंचे गुंडाळून बसलेले!

* * *

आमच्या मराठी मंडळात मी या विषयावर पाऊण तास भाषण दिलं. टाळ्या पडल्या. "उद्या सकाळी साडेपाचला देवास गेटला कोण कोण येणार?" असं विचारल्यावर चाळीस हात वर झाले. सकाळी दोन माणसं आली, आणि त्यातलं एक मंडळाचं सभासदही नव्हतं.

एक नाना करंदीकर. वय बावन्न, जमीन मोजणीच्या खात्यात, संस्थानच्या काळापासूनची नोकरी. ते का आले हे मी विचारलं तेव्हा म्हणाले, "प्रोफेसर, आमच्या घरी साडेपाचला सूनबाई रेडिओ लावते."

दुसरे बाबूलालजी. देवास गेटला त्यांचं पोहे-जलेबीचं दुकान. डॉक्टरने पोट कमी करायला सांगितलं होतं. त्यांची अट एकच होती: कुठेही धावा, पण संपवायचं त्यांच्या दुकानासमोर. मला वाटलं, काय निष्ठा आहे! मग लक्षात आलं की तोवर भट्टी पेटलेली असते आणि पहिला घाणा उतरत असतो. रोज धावून झाल्यावर ते आम्हाला आग्रहाने बसवत. "ताकत चाहिए ना साहब, देश का काम है!" माझंच वाक्य माझ्याच तोंडात, पाकात बुडवून.

दोन महिन्यांनी प्रगती मोजायला आम्ही तिघं स्टेशनवरच्या पार्सलच्या काट्यावर उभे राहिलो. नाना होते तितकेच. बाबूलालजी तीन सेरांनी कमी, कारण आपल्या दुकानातलं ते कधीच खात नसत! आणि मी पाच सेरांनी जास्त.

बाबूलालजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. "प्रोफेसर साहब, आप तो दौड़ना बिलकुल बंद मत करना। क्या तरक्की हो रही है!"

* * *

धावताना श्वास कसा घ्यावा यावर मी एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं. चार पावलांत आत, चार पावलांत बाहेर. एका सकाळी सडकेच्या मधोमध धावत मी नानांना ते समजावत होतो. "नाना, घाई नको. लय महत्त्वाची. लय सापडली की माणूस वाऱ्यासारखा..."

मागून आवाज आला, "बाबूजी, जरा साइड दो ना, पाली का टेम हो रिया है।"

कापड गिरणीच्या पाळीला जाणारी पाच-सहा माणसं होती. हातात डबे, पायात वहाणा, तोंडात विडी. आम्ही बाजूला झालो आणि ती पुढे निघून गेली.

चालत!

नानांनी त्यांच्या पाठमोऱ्या आकृत्या दिसेनाशा होईपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "लय त्यांना सापडलेली दिसते."

* * *

आता वहीचं सांगायला हवं, कारण खरा मामला तिथेच आहे.

माझे वडील, दादा, संस्थानच्या दफ्तरात बत्तीस वर्षं होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी घरात कुठलाही कागद दिसला की त्यावर शेरा मारल्याशिवाय त्यांना राहवत नसे. धोब्याच्या यादीवरसुद्धा लाल शाईत "पाहिलं" असं लिहीत. माझी वही मी टेबलावर ठेवायचो. एक दिवस उघडली तर समास भरलेला!

माझी नोंद: "एक मैल. दोनदा थांबलो. एकदा दम लागला, एकदा म्हैस आडवी आली."
दादांचा शेरा: "म्हैस रोजचीच का? खुलासा व्हावा."

माझी नोंद: "आज पाय जड. तरी मन प्रसन्न."
दादांचा शेरा: "मनाची नोंद अप्रस्तुत."

माझी नोंद: "आज पाऊस. विश्रांती."
दादांचा शेरा: "काल ऊन होते म्हणून विश्रांती. परवा एकादशी म्हणून विश्रांती. तपासून पाहता आठवड्यात धावण्याचा दिवस सापडत नाही."

मी चिडून त्यांच्या खोलीत गेलो. "दादा, ही माझी खासगी वही आहे!"

"अस्सं!" दादा म्हणाले. "मला वाटलं, तू काही काम करतोयस."

त्यांनी टेबलाचा खण उघडून एक कागद काढला. भोपाळच्या नव्या सेक्रेटरिएटमधल्या जागेसाठी अर्ज. माझ्या नावाचा, दादांच्या वळणदार अक्षरात पूर्ण भरलेला. फक्त माझी सही बाकी.

"हे बघ वसंता," ते म्हणाले, "तू आल्यापासून सूतकताई सुरू केलीस, ती पंधरा दिवस. प्रौढांचा रात्रीचा वर्ग काढलास, तो एक महिना. वाचनालय काढलंस, त्याची कपाटं आपल्या माजघरात पडली आहेत आणि तुझी आई त्यात लोणची ठेवते. आता हे धावणं. पुढे तुला गावात क्रीडांगण काढायचंय म्हणतोस. मी नाही म्हणत नाही. पण तू सुरू केलेलं एक तरी काम शेवटाला गेलेलं मला एकदा दाखव."

पंधरा ऑगस्टला देवास गेटपासून अडीच मैलांची शर्यत होणार होती. माधव नगरातून नानाखेड्याच्या वाटेने जायचं आणि फिरून देवास गेटलाच यायचं. मध्य भारताचा तो शेवटचा पंधरा ऑगस्ट. तावातावाने मी म्हणालो, "ती शर्यत मी पुरी करीन. एकदाही न थांबता, एक पाऊलही न चालता!"

"कर," दादा म्हणाले. "केलीस तर हा अर्ज फाडून टाकू. नाहीतर त्याच दिवशी सही."

त्या दिवशीच्या नोंदीखाली लाल शाईत एकच शब्द होता: "मुदत."

* * *

पण मला काळजी नव्हती. माझी वेळ उत्तम येत होती! जुलैत मी मैल धावायला साडेनऊ मिनिटं घेऊ लागलो होतो, आणि अडीच मैल न थांबता दोनदा झालेसुद्धा होते.

आमचा मैल नानांनी मोजला होता. सडकेवरच्या मैलाच्या दगडावर त्यांचा विश्वास नव्हता. "ते दगड ठेकेदाराने बसवलेत प्रोफेसर. जिथे गाडी थकली तिथे दगड उतरवला." म्हणून त्यांनी घरून स्वतःची मोजणीची साखळी आणली. संस्थानच्या काळातली, तेल लावून पितळेसारखी ठेवलेली. भर उन्हात दोन रविवार वाकून वाकून त्यांनी मैल आखला आणि चुन्याच्या खुणा केल्या. ऐंशी साखळ्या म्हणजे एक मैल. मी गहिवरून त्यांच्यावर एक छोटं भाषणही केलं.

शर्यतीच्या दहा दिवस आधी, बाकावर बसल्या बसल्या मी सहज त्या साखळीच्या कड्या मोजल्या. शंभर असायला हव्यात. भरल्या चौऱ्याण्णव.

पुन्हा मोजल्या. चौऱ्याण्णव!

"नाना, सहा कड्या कुठे गेल्या?"

नानांनी चष्मा लावला, साखळी हातात घेतली, स्वतः मोजली. मग बराच वेळ आठवून म्हणाले, "पूर्वी एकदा तुटली होती. लोहाराने जोडून दिली. त्याने वाईट कड्या काढून टाकल्या असाव्यात."

"म्हणजे आमचा मैल मैल नव्हताच! अडीच मैल म्हणून मी..."

नानांनी इकडेतिकडे पाहिलं, साखळी पिशवीत घातली आणि माझा हात घट्ट धरला. पाच महिन्यांत त्यांचा आवाज इतका हळू मी ऐकला नव्हता.

"प्रोफेसर, तुमचं अडीचशे यार्डांचं दुःख तुम्ही गिळा. अर्ध्या तालुक्याची शेतं मी हिच्यावर मोजलीयेत!"

* * *

शर्यतीची सकाळ. आईने दह्यासाखरेचा चमचा हातावर ठेवला. शुभकार्याला निघताना नाही म्हणता येत नाही. दारातून बाहेर पडलो तर शेजारच्या काकू वाटी घेऊन उभ्या. "आमच्याकडचं नको का?" नानांना घ्यायला गेलो तर त्यांच्या घरी दोन सुना आणि दोन वाट्या. एकीचं घेतलं आणि दुसरीचं नाही, असं कसं करायचं? देवास गेटला पोचलो तर बाबूलालजी दह्याचं अख्खं मातीचं कुल्हड घेऊन वाट पाहत होते.

"बाबूलालजी, एक चमचा पुरे!"

"शगुन में कंजूसी नहीं करते साहब!"

सुरुवातीच्या रेषेवर तीस-पस्तीस जण होते. पोलीस, गिरणी कामगार, कॉलेजातले विद्यार्थी. त्यातले दोघं माझ्याच वर्गातले. ते अदबीने म्हणाले, "सर, तुम्ही पुढे उभे राहा ना." मी पुढे उभा राहिलो. शिट्टी झाल्यावर किती माणसं आपल्याला मागे टाकून जातात हे नीट मोजायला ती जागा फार सोयीची होती.

रेडिओची वेळ लावलेल्या घड्याळावर बरोबर सातला शिट्टी झाली.

बाबूलालजी शंभर यार्ड धावले. मग त्यांनी वळून पाहिलं. एवढी गर्दी, सगळी उपाशी, आणि आपलं दुकान बंद! ते तसेच माघारी पळाले. माझ्या मते त्यांचा त्या दिवशीचा सगळ्यात जलद टप्पा तोच. नाना पहिल्या मैलाच्या दगडापर्यंत माझ्यासोबत होते. तिथे थांबले, दगडाकडे संशयाने पाहिलं, आणि "तुम्ही व्हा पुढे, मला हे एकदा बघू द्या" म्हणाले. 

मग मी एकटा. पुढे कुणी दिसत नव्हतं, मागे कुणी नव्हतंच. पोटात चार घरांचं दही घुसळत होतं. सडक ओली होती, बूट चिखलाने शेरभर जड झाले होते. नानाखेड्याच्या वाटेवर वळणाची खूण म्हणून एक पिंप ठेवलं होतं. त्याच्यापाशी बसलेला स्वयंसेवक शर्यत संपली असं समजून पिंप गडगडत घेऊन निघाला होता. मी त्याला गाठून, पिंपाला वळसा घालून परत फिरलो.

तिथून पाऊण मैल सडक सरळ आणि जवळजवळ रिकामी; नानाही दगड पाहून केव्हाच परतले होते. दोन्हीकडे शेतं. मी चाललो असतो तर गावात कुणालाही कळलं नसतं. खरं सांगतो, त्या वेळी मला देश आठवला नाही, फुफ्फुसं आठवली नाहीत, लंडनची ती बाग तर मुळीच नाही. खणातला तो अर्ज आठवला आणि खाली सहीपुरती मोकळी ठेवलेली जागा. एक बैलगाडी माझ्या पुढे होती. गाडीवान उलटा बसून माझ्याकडे पाहत होता. मला ती गाडी मागे टाकता आली नाही, पण मी चाललो नाही. त्याला धावणं म्हणायचं का, हा प्रश्न वेगळा. दोन्ही पाय एकदम जमिनीवर नसायचे, एवढं मी शपथेवर सांगतो.

देवास गेट दिसलं तेव्हा शेवटची दोरी गुंडाळून झाली होती. पंचांचं टेबल दोघं जण डोक्यावर घेऊन चालले होते. बँडवाले बाबूलालजींकडे पोहे खात होते. सगळी गर्दी झेंड्याकडे गेली होती. चुन्याची रेष तेवढी उरली होती, आणि रेषेपाशी दोनच माणसं उभी होती. छत्री टेकून दादा, आणि त्यांच्याजवळ त्यांचे मित्र जोशीबुवा.

जोशीबुवा पंचांग करतात. त्यांच्या खिशातलं घड्याळ उज्जैनच्या सूर्याप्रमाणे चालतं, म्हणजे रेडिओच्या सत्तावीस मिनिटं मागे. कुणी टोकलं तर म्हणतात, "ज्या गावावरून एके काळी सगळ्या देशाची वेळ ठरत होती, त्या गावाने अलाहाबादकडची वेळ का लावायची?" त्यामुळे लग्नाचे मुहूर्त सोडले तर ते कुठेही वेळेवर पोचत नाहीत. त्या दिवशीही ते आपल्या हिशेबाने शर्यतीची सुरुवात बघायला आले होते!

मी रेषा ओलांडली आणि गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिलो.

दादांनी विचारलं, "थांबलास कुठे?"

मी मान हलवली. नाही.

"चाललास?"

नाही.

दादा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. बत्तीस वर्षं लोकांचे खुलासे तपासलेला माणूस. खोटं असतं तर तिथल्या तिथे सापडलं असतं.

जोशीबुवांनी खिशातून घड्याळ काढलं, डोळ्यांजवळ नेलं आणि काळजीच्या सुरात म्हणाले, "दादासाहेब, सातला अजून एक मिनिट आहे. शर्यत सुरू व्हायचीये. बाकीचे पळणारे कुठायत?"

दादांनी वळून माझ्यामागची सगळी सडक पार टोकापर्यंत न्याहाळली. ती रिकामी होती.

"बाकीचे अजून निघाले नाहीत," ते म्हणाले. "हा पहिला!"